हेलियममिश्रित वायू घेऊन खोल स्कूबा : शिकण्यासारखे आहे का?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार. मी मुलुंडला राहतो आणि गेली सहा वर्षे स्कूबा करतो. मुंबईच्या पाण्यात स्वतःचे कोपर दिसत नसल्यामुळे सराव तरणतलावात करायचा आणि खरी डाइव्ह मालवण, नेत्राणी किंवा अंदमानात करायची, ही आपल्याकडच्या बहुतेकांची रीत आहे आणि माझीही तीच आहे. माझ्याकडे ४० मीटरपर्यंतचे प्रमाणपत्र आहे.

धागा काढण्याचे कारण गेल्या फेब्रुवारीत अंदमानात घडलेला एक प्रसंग आहे. ३८ मीटरवर, नितळ पाण्यात, मी दाबमापकाचा काटा पाहिला, हात खाली केला आणि काटा कितीवर होता ते मला आठवेना. पुन्हा पाहिला, पुन्हा विसरलो. तिसऱ्या वेळी मला त्याचे हसू आले. सोबतच्या प्रशिक्षकाने माझ्यापुढे पाटी धरली, तेव्हा १७ वजा ८ याचे उत्तर मी २५ असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढून ते ठळकही केले. आठ-दहा मीटर वर आल्याबरोबर डोके साफ झाले. भीती वाटली ती नंतर, बोटीवर चहा पिताना, कारण खाली असताना मला क्षणभरही भीती वाटली नव्हती.

आता थायलंडला ट्रायमिक्सचा, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांच्या मिश्रणावर ६० मीटरपर्यंत जाण्याचा, अभ्यासक्रम करावा असे मनात आहे. हेलियममुळे ही गुंगी जाते हे वाचले आहे. पण त्याच्या बदल्यात काय द्यावे लागते, हे कोणी नीट सांगत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांना त्यामागचे विज्ञान ठाऊक आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

चेंबूरची गॅसवाली

मी डाइव्ह करत नाही, पण औद्योगिक वायूंच्या क्षेत्रात वीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे हिशेबाची बाजू मी सांगते.

आधी एक किरकोळ गोष्ट. आपली वर्तमानपत्रे पाणबुड्याच्या पाठीवर नेहमी ‘ऑक्सिजन सिलिंडर’ चढवतात. त्यात साधी हवा असते : २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. समुद्रात दर १० मीटरला दाब १ बारने वाढतो, म्हणजे ६० मीटरवर तो ७ बार होतो आणि प्रत्येक श्वासात पृष्ठभागापेक्षा सातपट वायू आत जातो. तो ऑक्सिजनही सातपट आणि नायट्रोजनही सातपट. नायट्रोजनचा दाब साधारण ३० मीटरपासून मेंदूला जाणवू लागतो आणि तुमची वजाबाकी चुकते. ऑक्सिजनचे प्रकरण याहून गंभीर आहे. त्याचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.४ बारच्या वर गेला की झटके येण्याची शक्यता वाढू लागते, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातला, श्वासाचा वायू देणारा रेग्युलेटर सुटतो व माणूस बुडतो. साध्या हवेत ही मर्यादा सुमारे ५६ मीटरवर येते.

म्हणजे खोल जायचे तर ऑक्सिजनही कमी करायला हवा आणि नायट्रोजनही, आणि रिकाम्या झालेल्या जागी असा वायू हवा जो मेंदूला हात लावत नाही. तो वायू हेलियम. ६० मीटरसाठी सर्रास वापरले जाणारे मिश्रण १८/४५ या नावाने ओळखले जाते, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला ३७ टक्के नायट्रोजन. ७ बारला यातील ऑक्सिजन १.२६ बारवर राहतो, म्हणजे मर्यादेच्या आत. गुंगी आणणारा भाग मोजताना नायट्रोजनसोबत ऑक्सिजनही धरला, आणि सावध लोक तो धरतात, तर ६० मीटरवर तुमचे डोके हवेवर २८-२९ मीटरला असते तितके ठिकाणावर राहते.

पट्टीचा पोहणारा

हे सगळे ठीक आहे, पण आमच्या उमेदीच्या काळात माणसे साध्या हवेवर ६० मीटर जाऊन येत होती. मी स्वतः ५५ पर्यंत गेलो आहे. गुंगीची सवय होते. हळूहळू खोली वाढवत नेली, घाई केली नाही आणि डोके शांत ठेवले, तर महागड्या वायूची काही गरज पडत नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीसाठी एक अभ्यासक्रम आणि एक कार्ड निघते, हा त्यातलाच प्रकार वाटतो.

कान-नाक-घसा

मी कानाचा डॉक्टर आहे आणि हौशी डाइव्हर आहे. ‘पट्टीचा पोहणारा’ यांचा अनुभव मी नाकारत नाही, पण गुंगीची सवय होते हे पूर्ण खरे नाही. सवय होते ती आपण गुंगीत आहोत या जाणिवेची. चाचण्या घेतल्या तर हातांची आणि डोक्याची चूक जवळपास तितकीच राहते. सराईत दारुड्या गाडी बरी चालवतो असे त्याला स्वतःला वाटते, तसेच हे आहे.

मात्र खोलवर साधी हवा वापरण्याविरुद्धचा माझा मुख्य आक्षेप गुंगीचा नाही, तो घनतेचा आहे, आणि त्याबद्दल हौशी मंडळींत फारच कमी बोलले जाते. ‘गॅसवाली’ ताईंनी त्याचे आकडे दिले तर बरे होईल.

चेंबूरची गॅसवाली

देते. पृष्ठभागावर एक लिटर हवेचे वजन सुमारे १.३ ग्रॅम असते आणि एक लिटर हेलियमचे ०.१८ ग्रॅम, म्हणजे सातवा हिस्सा. ६० मीटरवर हवा दर लिटरला ९ ग्रॅम होते. १८/४५ मिश्रण त्याच खोलीवर साधारण ५.६ ग्रॅम होते. पाण्याखाली श्वास घेण्यासाठी आज शिफारस केली जाते ती ५.२ ग्रॅमपर्यंतची, आणि ६.२ च्या वर जाऊच नये असे सांगितले जाते. साधी हवा ५.२ ला सुमारे ३१ मीटरवर पोहोचते आणि ६.२ ला ३९ मीटरवर. म्हणजे खाडीकाठचा यांनी जिथे २५ हे उत्तर ठळक केले, तिथे त्यांची हवाही जवळपास कमाल घनतेला पोहोचली होती.

१८/४५ सुद्धा ६० मीटरवर शिफारशीच्या किंचित बाहेर आहे, याकडे कृपया लक्ष द्या. तो आकडा प्रमाणपत्राच्या पुस्तकात सोयीचा म्हणून रुळला आहे. मला विचाराल तर त्या खोलीवर ५० टक्क्यांच्या वर हेलियम असायला हवा.

कान-नाक-घसा

धन्यवाद ताई. आता घनता वाढली तर बिघडते काय, ते सांगतो. फुप्फुसांतून जाड वायू आत-बाहेर ढकलायला श्वासाचे स्नायू कमी पडू लागतात. श्वास आपल्याला पुरेसा वाटतो, पण कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो साचला की गुंगी आणखी वाढते, ऑक्सिजनचे झटके येण्याची शक्यता वाढते, आणि धाप लागून माणूस घाबरतो. घाबरला की अधिक जोरात श्वास घेतो, आणि जाड वायू जोरात ओढण्याची मेहनतच आणखी कार्बन डायऑक्साइड तयार करते. या फेऱ्यातून खालच्या खाली सुटका होत नाही.

यातला सर्वांत वाईट दाखला दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमधला आहे. ८ जानेवारी २००५ रोजी डेव्हिड शॉ हा अत्यंत अनुभवी डाइव्हर २७० मीटरवर, दहा वर्षांपूर्वी तिथे बुडालेल्या एका तरुणाचा मृतदेह काढताना मरण पावला. तो रीब्रीदरवर, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणाऱ्या यंत्रावर, होता आणि त्याच्या मिश्रणात भरपूर हेलियम होता. तरीही त्या खोलीवर वायू इतका घन झाला होता की, थोड्या कष्टाबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे त्याला जमेना. हेलियमने घनता कमी होते, नाहीशी होत नाही.

पहिलीच डुबकी

माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. वाढदिवसाला फुगे भरायला जो हेलियम मिळतो, तोच हा असतो का? आमच्या इमारतीत मुले तो तोंडात घेऊन कार्टूनच्या आवाजात बोलत होती.

चेंबूरची गॅसवाली

प्रश्न बाळबोध नाही, उलट सर्वांनी वाचावा असा आहे. मूलद्रव्य तेच, पण फुग्याचा वायू श्वासासाठी शुद्ध केलेला आणि तपासलेला नसतो, त्यामुळे डाइव्हच्या टाकीत तो कधीही भरू नये. आपल्याकडे रस्त्यावर फुगेवाल्याकडे कित्येकदा हेलियम नसतोच, हायड्रोजन असतो, आणि तो पेट घेतो.

मुलांबद्दल मात्र लगेच बोला. हेलियम विषारी नाही, पण त्यात ऑक्सिजन अजिबात नसतो. लागोपाठ दोन-तीन श्वास निव्वळ हेलियमचे घेतले तर काहीही इशारा न मिळता शुद्ध जाते, कारण गुदमरल्याची भावना कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते आणि तो तर नीट बाहेर पडत असतो. थेट सिलिंडरला तोंड लावले तर दाबाने फुप्फुस फाटते. असे मृत्यू जगभर झाले आहेत.

खोल डाइव्हवाल्यांना हाच धोका दुसऱ्या वेशात भेटतो. १०० मीटरसाठी १० टक्के ऑक्सिजन आणि ७० टक्के हेलियम असे मिश्रण घेतात. ११ बारला त्यातला ऑक्सिजन १.१ बार असतो, अगदी योग्य. पण तेच मिश्रण बोटीवर बसून तोंडात घेतले तर माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून खाली जाताना सुरुवातीला वेगळा वायू घ्यावा लागतो आणि ठरलेल्या खोलीवर तो बदलावा लागतो.

विजयदुर्गकर

वायूचा विषय निघालाच आहे तर एक अभिमानाची गोष्ट नोंदवतो. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून १८६८ च्या सूर्यग्रहणात लागला. तिथले ग्रहण पाहण्यासाठी बांधलेले साहेबाचे ओटे आजही पाहायला मिळतात आणि दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रम होतो.

चेंबूरची गॅसवाली

ओटे पाहिले आहेत आणि जागा सुंदर आहे, पण यात दोन ग्रहणे एकत्र झाली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये सूर्याच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेघ नोंदवली. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम वेगळाही केला होता.

याचा धाग्याशी संबंध असा की, पृथ्वीवरचा हेलियम युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून कोट्यवधी वर्षे जमत गेलेला आहे आणि तो नैसर्गिक वायूच्या काही मोजक्या विहिरींत सापडतो. एकदा सुटला की तो वातावरणातून अवकाशात निघून जातो. भारत जवळजवळ सगळा हेलियम आयात करतो, त्यातला बराच कतारहून येतो, आणि रुग्णालयांतली एमआरआय यंत्रे व इतर उद्योग त्याचे मोठे गिऱ्हाईक आहेत. डाइव्हवाल्यांचा नंबर रांगेत शेवटी लागतो.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर लिटरमध्ये मोजा. पाठीवर १२ लिटरच्या दोन टाक्या २०० बारला भरल्या तर ४८०० लिटर वायू होतो. १८/४५ मध्ये त्यातला २१६० लिटर हेलियम. ७ घनमीटरच्या एका सिलिंडरमधून कागदावर असे तीन भरणे व्हायला हवेत, पण दोन्हीकडचा दाब सारखा झाला की वायू पुढे जायचा थांबतो, त्यामुळे बूस्टर पंप नसेल तर बराच हेलियम सिलिंडरातच अडकून राहतो. आणि डाइव्ह झाल्यावर तो सगळा बुडबुड्यांतून गेलेला असतो.

दर्या आणि दोर

मी बरीच वर्षे मुंबई हायवर सॅच्युरेशन डाइव्हर म्हणून काम केले आणि आता अलिबागला निवृत्त जीवन जगतो. स्कूबा हा माझा विषय नाही, कारण आम्ही दोर आणि नळी लावून काम करणारी माणसे, पण हेलियम मी जेवढा श्वासात घेतला आहे तेवढा या धाग्यावर बहुधा कोणी घेतला नसेल. म्हणून चार गोष्टी सांगतो.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या त्या तेलक्षेत्रात पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तिथे पाइपलाइनीचे काम दिवसदिवस चालते. वरून रोज खाली-वर करणे परवडत नाही, म्हणून जहाजावरच्या एका पोलादी चेंबरमध्ये आम्हाला कामाच्या खोलीइतक्या दाबाखाली ठेवत, आणि तिथून बेलमध्ये, म्हणजे पाणबुड्यांना खाली नेणाऱ्या बंद डब्यात, बसवून समुद्रात सोडत. एका दिवसात शरीर त्या दाबाला वायूने पूर्ण भरून जाते. त्यानंतर तुम्ही एक दिवस राहा की पंचवीस, वर यायला लागणारा वेळ तोच. ७० मीटरच्या दाबावरून बाहेर यायला आम्हाला तीन-एक दिवस लागत. त्या चेंबरमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतो. ८ बारला ५ टक्के ऑक्सिजन पुरतो आणि बाकी सगळा हेलियम.

हेलियमची मजा पहिल्या तासात संपते. आवाज इतका चिरका होतो की शेजारी बसलेला माणूस काय म्हणतो ते कळत नाही. वर नियंत्रणकक्षात आवाज सुधारणारे यंत्र असते, पण ते इंग्रजी सूचनांपुरते ठीक चालते. मी एकदा घरी फोन जोडून घेतला तेव्हा माझी चार वर्षांची मुलगी आवाज ऐकून रडू लागली आणि तिने फोन आईकडे दिला. जेवण मेडिकल लॉकमधून, म्हणजे चेंबरच्या दुहेरी दाराच्या छोट्या खिडकीतून, येई आणि त्याला चव म्हणून नसे. आम्ही कोकणातली माणसे मिरचीचे लोणचे सोबत नेत असू, आणि परदेशी सोबतीही आठवड्याभराने ते मागून घेत. दमट चेंबरात कान पिकतात म्हणून रोज घड्याळ लावून दोन्ही कानांत पाच-पाच मिनिटे औषधाचे थेंब ठेवावे लागत. एका सोबत्याचे महाग जलरोधक घड्याळ होते. त्यात दिवसेंदिवस हेलियम झिरपत गेला आणि दाब उतरवताना तो तितक्या वेगाने बाहेर पडू शकला नाही, तेव्हा रात्री टिक्‌ असा आवाज झाला आणि काच उडून त्याच्या पांघरुणावर पडली. घड्याळाचे जे झाले ते पाहून आम्ही हसलो नाही.

थंडी हा खरा त्रास. हेलियम हवेपेक्षा सहा पट उष्णता वाहून नेतो. चेंबर ३० अंशांवर ठेवलेले असते, आणि दोन अंश उतरले तर दात वाजतात, दोन अंश चढले तर घाम फुटतो. समुद्रात उतरताना सूटमध्ये वरून गरम पाणी सोडतात. ते काही मिनिटे बंद पडले तर काम सोडून बेलकडे यावेच लागते.

खाडीकाठचा (धागाकर्ता)

काका, मनापासून धन्यवाद. थंडीबद्दल विचारायचे होते : १८/४५ घेऊन स्कूबा करताना अशीच थंडी वाजते का? काही ठिकाणी वाचले की हेलियमच्या श्वासाने शरीर आतून गार पडते.

चेंबूरची गॅसवाली

काकांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे माणूस चोवीस तास हेलियमने वेढलेला असतो. तुमच्या बाबतीत हेलियम फक्त श्वासात असेल, आणि श्वासातून जाणारी उष्णता वायूच्या वाहकतेवर कमी आणि तो किती उष्णता सामावतो यावर जास्त ठरते. त्या बाबतीत हेलियमचा एक लिटर नायट्रोजनच्या एका लिटरपेक्षा कमीच उष्णता घेतो. त्यामुळे ६० मीटरच्या छोट्या डाइव्हमध्ये ‘आतून गार’ ही भीती फुगवलेली आहे. मात्र कोरडा, म्हणजे आत पाणी न येणारा, सूट वापरत असाल तर त्यात पाठीवरचा हेलियमचा वायू सोडू नका. त्यासाठी हवेची किंवा आर्गनची छोटी बाटली वेगळी ठेवतात, कारण तिथे सहा पट वाहकता खरोखरच अंगावर येते.

कान-नाक-घसा

आता वर येण्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते हेलियमची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

हेलियमचा अणू हलका असल्यामुळे तो शरीराच्या पेशीजालात लवकर शिरतो आणि लवकर बाहेर येतो. आपल्या डाइव्ह कॉम्प्युटरमधल्या बहुतेक गणितांत हेलियमचा वेग नायट्रोजनच्या २.६५ पट धरलेला असतो. त्यामुळे कॉम्प्युटर हेलियमच्या डाइव्हला अधिक खोलवर आणि अधिक वेळ थांबायला सांगतो. हा ‘हेलियमचा दंड’ खरा की गणितातून आलेला, यावर बराच वाद झाला. २०१५ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांत हेलियम-ऑक्सिजन आणि तिन्ही वायूंचे मिश्रण यांत वर येण्याच्या दृष्टीने फरक दिसला नाही. म्हणून मी तरी पैसे वाचवायला किंवा डेको, म्हणजे शरीरात शिरलेला वायू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे, कमी करायला हेलियम कमी करा असा सल्ला कोणाला देणार नाही.

पण दंड असो वा नसो, डेको आहेच. ६० मीटरवर २० मिनिटे काढली तर वर यायला पाऊण तास ते तासभर लागतो, आणि तो वेळ कमी राहावा म्हणून वाटेत वायू बदलावे लागतात : २१ मीटरवर ५० टक्के ऑक्सिजन, ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. त्या बाटल्या तुमच्या कुशीला लटकलेल्या असतात. ५० टक्क्यांचा रेग्युलेटर चुकून ६० मीटरवर तोंडात गेला तर ऑक्सिजन ३.५ बार होतो. हेलियमच्या डाइव्हमधले कितीतरी मृत्यू हेलियमने झालेलेच नाहीत. ते चुकीच्या खोलीवर चुकीची बाटली उघडल्याने झाले आहेत.

दुसरा धोका माझ्या खात्यातला आहे. हेलियमभरल्या मिश्रणावरून नायट्रोजनभरल्या मिश्रणावर खोलवरच बदल केला, तर आतल्या कानात हेलियम बाहेर पडण्याआधी नायट्रोजन आत शिरतो आणि दाब मुळीच न बदलता तिथे बुडबुडे होऊ शकतात. मग भोवळ, उलट्या आणि एका कानाने ऐकू न येणे सुरू होते, तेही तुम्हाला अजून अर्धा तास पाण्यात काढायचा असताना. यासाठी नायट्रोजनची वाढ हेलियमच्या घटीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको असा नियम सांगतात. १८/४५ वरून ५० टक्क्यांच्या वायूवर जाताना नायट्रोजन १३ टक्क्यांनी वाढतो आणि नियम फक्त ९ ची मुभा देतो. म्हणजे ही अदलाबदल नियमाबाहेरची आहे, तरी ती २१ मीटरवर जगभर रोज केली जाते आणि बहुतेकांना काही होत नाही. नियम किती पक्का आहे, ते यावरून समजून घ्या. खोलवर मात्र तो मोडू नये.

डाइव्हनंतर भोवळ आली तर ‘बोट लागली’ म्हणून झोपवून ठेवू नका. शुद्ध ऑक्सिजन लावा आणि रुग्णाला चेंबरमध्ये पुन्हा दाबाखाली ठेवण्याची सोय असलेल्या केंद्राशी संपर्क करा. माझ्याकडे एक रुग्ण चार दिवसांनी आला. आधी तीन ठिकाणी त्याला चक्करेच्या गोळ्या मिळाल्या होत्या, कारण डाइव्हचा उल्लेख त्यानेही केला नव्हता आणि कोणी विचारलाही नव्हता. आणि अशा डाइव्हनंतर विमानात बसायला किमान २४ तास जाऊ द्या. अंदमानहून परतीचे तिकीट काढतानाच हा दिवस धरावा.

पट्टीचा पोहणारा

घनतेचा मुद्दा मला ठाऊक नव्हता हे मान्य करतो. त्या ५५ मीटरवर मला दम लागला होता आणि मी तो प्रवाहाच्या माथी मारला होता. पण एक शंका आहे. हेलियम जर मेंदूला काहीच करत नसेल, तर माणूस हव्या त्या खोलीपर्यंत का जाऊ शकत नाही?

दर्या आणि दोर

कारण तो ‘काहीच करत नाही’ हे दीडशे मीटरपर्यंतच खरे आहे. त्याखाली वेगाने उतरले की हात थरथरू लागतात, गरगरते आणि बारीक काम जमत नाही. याला खोल दाबाचा मज्जाविकार म्हणा. तो हेलियमपेक्षा दाबाचा गुण आहे, आणि हेलियम त्याला झाकत नाही. गंमत अशी की त्यावर एक उपाय म्हणून मिश्रणात थोडा नायट्रोजन मुद्दाम ठेवतात, कारण ज्या गुंगीपासून आपण पळालो तीच थोड्या प्रमाणात ही थरथर शमवते. दुसरा उपाय म्हणजे अगदी सावकाश उतरणे. फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीने १९९२ मध्ये मिश्रणात हायड्रोजन घालून चेंबरमध्ये एका माणसाला ७०१ मीटरच्या दाबापर्यंत नेले. आपल्या नौदलाचे निस्तार हे जहाज १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमला सेवेत आले, त्यावर ३०० मीटरपर्यंतच्या सॅच्युरेशन डाइव्हची सोय आहे. पण या सगळ्यामागे जहाज, डॉक्टर, बेल आणि शंभर माणसे असतात. पाठीवर टाकी घेतलेल्या माणसाने ते आकडे आपले समजू नयेत.

आणि डॉक्टरांनी वर येण्याबद्दल जे लिहिले त्याला जोडून एक गोष्ट. २७ जुलै २००५, म्हणजे मुंबई पाण्यात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, समुद्र सुरक्षा हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या समुद्रातल्या तेलफलाटावर आदळले आणि आग लागली. २२ माणसे गेली. जहाजानेही पेट घेतला होता आणि त्यावरच्या चेंबरमध्ये सहा पाणबुडे दाबाखाली होते. बाकीच्यांना जहाज सोडता आले, यांना आले नाही, कारण दार उघडणे म्हणजे काही सेकंदांत मरण. त्यांना सुमारे दीड दिवसाने सोडवले. मी त्या जहाजावर नव्हतो, पण आमच्यापैकी प्रत्येकाने ते दीड दिवस डोक्यात जगून पाहिले आहेत.

तुमच्या ६० मीटरच्या डाइव्हमध्ये चेंबर नाही, पण तासभराचे छत आहे. पाणी कितीही स्वच्छ दिसो, सूर्य दिसो, बोटीचा तळ दिसो, तुम्ही थेट वर जाऊ शकत नाही.

खाडीकाठचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन दिवस हे सगळे पुन्हा वाचले. माझी चूक आता ध्यानात आली. मी हेलियमकडे गुंगीचे औषध म्हणून पाहत होतो. गुंगी तो घालवतोच, पण ३८ मीटरवर मला जी सोय होती, ती काढून घेतो : मी आठ-दहा मीटर वर आलो आणि बरा झालो. ६० मीटरवरून बिघडलेल्या अवस्थेत वर येणे हाच दुसरा अपघात ठरेल.

अभ्यासक्रम या वर्षी करत नाही. आधी पाठीवर दोन टाक्या, कुशीला एक बाटली आणि ३० मीटरच्या आत खोटे डेको थांबे, एवढाच सराव वर्षभर करणार आहे. त्यासाठी दादरचा तलाव पुरेल का आणि तिथे दोन टाक्या घेऊन उतरू देतात का, हे कोणाला माहीत असल्यास सांगावे. ताई, एक प्रश्न तुमच्यासाठी : वायू कोणी दुसऱ्याने भरून दिला असेल तर मी नेमके काय तपासावे?

चेंबूरची गॅसवाली

दोन्ही वायू स्वतः मोजा : ऑक्सिजनचा विश्लेषक आणि हेलियमचा विश्लेषक, दोन्ही. नुसता ऑक्सिजन मोजून १८ आला तर उरलेल्या ८२ मध्ये हेलियम ४५ आहे की ३० आहे हे कळत नाही, आणि खाली गेल्यावर ते तुमच्या वजाबाकीवरून कळेल. हेलियम आधी भरून वर हवा आणि ऑक्सिजन सोडला असेल तर टाकी काही तास पडू द्या आणि मग मोजा, कारण ताज्या भरण्यात वायू नीट मिसळलेले नसतात. मोजल्यावर टाकीवर चिकटपट्टी लावून त्यावर मिश्रण, कमाल खोली, तारीख आणि स्वतःची आद्याक्षरे स्वतःच्या हाताने लिहा. ज्या टाकीवर तुमचे अक्षर नाही ती तुमची नाही असे समजा, मग ती देणारा कितीही ओळखीचा असो.

दर्या आणि दोर

ताईंच्या चिकटपट्टीला एक जोड. कमाल खोलीचा आकडा टाकीवर मोठा आणि आडवा लिहा, असा की रेग्युलेटर तुमच्या तोंडात देताना तो तुमच्या जोडीदाराला वाचता यावा. खाली गेल्यावर तुमचे अक्षर तुमच्यापेक्षा त्याच्या उपयोगी पडते.

तलावाचे म्हणाल तर दादरला दोन टाक्या घेऊन उतरू देतात का ते मला माहीत नाही, पण कुशीची बाटली काढून लावण्याचा सराव गुडघाभर पाण्यातही करता येतो. डोळ्यांवर पट्टी बांधून करा. आम्हाला तसाच करायला लावत.